आधी शिक्का, मग डोळा

शिक्का मीही मारलाय. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला मी धुतल्या तांदळासारखी वाटायला नको.

लाकडी मुठीचा, निळ्या शाईचा, चार बोटं रुंद शिक्का. त्यावर दोन ओळी. ‘दोन्ही डोळे : दाब सामान्य. दोन्ही डोळे : पडदा सामान्य.’ आमच्या नेत्र रुग्णालयात सकाळी साडेआठला आम्ही दोघं रेसिडेंट, मी आणि राजवीर, चहा घेत बसायचो. समोर कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा. एकानं शिक्का मारायचा, दुसऱ्यानं खाली सही करायची. हात दुखला की अदलाबदल. पेशंट अजून घरातून निघालेला नसायचा. कधी गठ्ठा उरला तर परवाच्या, तेरवाच्या पेशंटचंही करून ठेवायचो. कोण येणार, बाई का बाप्या, म्हातारं का पोर, काही माहीत नाही. पण त्याच्या डोळ्यातला दाब बरोबर आहे आणि डोळ्यामागचा पडदा ठणठणीत आहे, हे आम्ही बिस्किट बुडवता बुडवता ठरवून टाकलेलं असायचं.

रेसिडेन्सी. शब्द ऐकायला भारी. चार वर्षं ऑप्टोमेट्री शिकायची. म्हणजे नुसता चष्म्याचा नंबर काढायचा असं नाही. डोळ्याचं दुखणं ओळखायचं, कुठलं साधं आणि कुठलं डोळा घेऊन जाणारं ते सांगायचं. मग वर्षभर दवाखान्यात राबून प्राथमिक नेत्रसेवेचं शिक्षण पुरं करायचं. कल्पना चांगली आहे, मी आजही म्हणते. खेड्यापाड्यात डोळ्याचा डॉक्टर नसतो. तिथं पहिल्यांदा डोळ्यात डोकावणारा माणूस आम्ही असायचं. आम्ही पकडलं तर डोळा वाचला, आम्ही सोडलं तर गेला. एवढं साधं.

मी या कामात का आले तेही सांगते. आम्ही उचगावचे. माझा बाप फौंड्रीत कामाला. मी सातवीत असताना त्याच्या डोळ्यात कण उडाला, तो शेजारच्या कंपाउंडरनं टाचणीनं काढला. टाचणीनं! डोळा राहिला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला, आणि बाप आजही त्या कंपाउंडरचे उपकार मानतो. मला वाटलेलं, आपण त्या टाचणीवाल्याच्या जागी बसायचं आणि नीट बसायचं.

बसले. टाचणीवाल्यानं निदान डोळ्यात बघितलं तरी होतं.

दाब मोजायचं यंत्र आमच्याकडं होतं. हातात मावणारं, नवंकोरं. कपाटात, प्लास्टिकसकट. किल्ली संयोगिता मॅडमकडं. मागितली की म्हणायच्या, “कशाला? बॅटरी जाते. तुमच्या लॉगबुकात आकडे लिहा की चौदा-पंधरा, कोण बघतंय?” पडदा बघायचं शिकवायचे तास दर मंगळवारी होते, कागदावर. त्या तासाला आम्हाला खाली चष्म्याच्या दुकानात उभं करायचे. ‘काका, ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याला शोभते.’ अकरा महिन्यांत मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

या संयोगिता मॅडम आमच्या प्रशिक्षण प्रमुख. स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट. हात सोन्याचा. अंधाऱ्या खोलीत किंचाळणाऱ्या तान्ह्या पोराच्या डोळ्यात उजेडाची रेघ फिरवून नंबर सांगायच्या आणि तो चुकायचा नाही. पहिला आठवडाभर मी त्यांच्या मागं कोकरासारखी फिरले. म्हणूनच. ज्याला काही येत नाही त्यानं फसवलं तर माणसाला राग येतो. ज्याला सगळं येतंय त्यानं फसवलं तर किळस येते.

आणि राजवीर. कागलकडच्या बड्या शेतकऱ्याचा पोरगा, तोंडानं गोड, मिशीला पीळ. “रूपाली, तू लई मनाला लावून घेतीस,” हे त्याचं पालुपद. वाईट पोरगा नव्हता. वाईट माणसं थोडीच असतात. ‘जाऊ दे की’ म्हणणारी ढिगानं असतात.

मे महिन्यात मलकापूरच्या बाजूला एका शाळेत शिबिर होतं. चार टेबलं मांडलेली. पहिल्यावर राजवीर, भिंतीवरची अक्षरं वाचून घेत. दुसऱ्यावर मी, चष्म्याचा नंबर काढत. तिसऱ्यावर फ्रेमा. चौथं टेबल दाब आणि पडदा तपासायचं, असा त्यावर बोर्ड होता. त्या टेबलावर नारळ, हार आणि पाहुण्यांना द्यायच्या शाली ठेवल्या होत्या.

तिथं केरबामामा माझ्यासमोर बसले. साठी ओलांडलेला, काटक, तीन म्हशींचा मालक. उजवा डोळा हलत नव्हता.

“मामा, हा डोळा?”

“काचंचा हाय. ल्हानपनी इटीदांडू खेळताना इटी लागली हुती. मिरजंत बसवून घेतलाय. बग की, खऱ्यापेक्षा देखना हाय का न्हाय?”

मी हसले. डाव्या डोळ्यानं त्यांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. वाचायचा चष्मा लिहून दिला. शिक्का आणि सही कागदावर आधीचीच होती. ‘दोन्ही डोळे : दाब सामान्य.’ काचेच्या डोळ्याचा दाब सामान्य! काचेच्या डोळ्याचा पडदा सामान्य! मला ते दिसलं. मी पेन उचललंही, निदान उजवा डोळा खोडावा म्हणून. मागं रांग होती. केसपेपरवर खाडाखोड दिसली की मॅडम चारचौघांत झापायच्या. मी पेन खाली ठेवलं.

त्या एका पेनाबद्दल हे सगळं लिहितेय.

नोव्हेंबरात मामा आमच्या दवाखान्यात येऊन गेले, राजवीरकडं. “बाजूचं नीट दिसंना झालंय,” अशी तक्रार. राजवीरनं फ्रेम मोठ्या काचांची दिली. कागदावर शिक्का, खाली त्याची सही. मला हे कळलं फेब्रुवारीत.

फेब्रुवारीत दवाखान्यात लग्नघर झालं होतं. आमच्या रेसिडेन्सीला मान्यता द्यायला समिती येणार होती, शुक्रवारी. भिंतींना रंग, खिडक्यांना पडदे. यंत्रांवरचं प्लास्टिक काढून ती टेबलावर मांडलेली. लॉगबुकात मागचे अकरा महिने भरायचे होते. प्रत्येकाच्या नावावर शेकडो पडदे, शेकडो दाब. राजवीर आकडे बोलायचा, मी लिहायचे. “तेरा. सोळा. चौदा. एखादा बावीस टाक, खरं वाटतंय.” भाजीवाल्यागत.

बुधवारी सकाळी मामा आले. सोबत त्यांच्या मंडळी, झुंबरबाई. ठेंगणी बाई, आवाज मात्र गावजेवणाला हाळी द्यावी असा.

“अगं बाई, ह्यो मानूस दारातनं जाईना झालाय! चौकटीला धडाकतोय. परवा म्हशीनं शेपूट मारलं तर कुठनं फटका आला त्ये कळंना, हिकडंतिकडं बगत बसलाय.”

“म्हशीला कशाला मदी आनतीस?” मामा म्हणाले. मग मला, “पोरी, समोर सगळं दिसतंय. तुज्या कानातलं दिसतंय. पन बाजूला कायबी न्हाय. बांबूच्या नळीतनं बगितल्यागत.”

हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं. आता ते माणसाच्या तोंडातून आलं. यंत्र टेबलावर होतंच, समितीसाठी मांडलेलं. मी ते उचललं. डाव्या डोळ्याचा दाब: चव्वेचाळीस. निरोगी डोळ्याचा एकवीसच्या आत असतो. दुसऱ्यांदा मोजला. चव्वेचाळीस. मग डोळ्यात उजेड टाकून आत बघितलं. डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस निरोगी माणसाची गुलाबी असते, मधे छोटासा खळगा. मामांची पांढरीफटक. खोबरं खरवडून काढलेल्या करवंटीसारखी, पार काठापर्यंत पोकळ.

काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसतं. कडेनं खात खात आत येतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते, तीही लगेच हात घातला तर. आणि या माणसाला दुसरा डोळा नव्हता.

“मागचे कागद आहेत, मामा?”

झुंबरबाईंनी कमरेची प्लास्टिकची पिशवी काढली. आत दोन केसपेपर, घडीवर घडी. मे आणि नोव्हेंबर. दोन्हीवर निळा शिक्का.

“सगळं झ्याक हाय म्हून लिवलंय न्हवं?” मामा म्हणाले. “आमच्या मास्तरांनी वाचून दावलं. म्हून मी म्हनलं, वयानं हुत असंल.”

म्हणजे त्यांनी विचारलं होतं. वाचून घेतलं होतं. आमच्या कागदावर विश्वास ठेवून महिनोन्महिने चौकटीला धडकत राहिले होते.

मी ती पिशवी घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. राजवीर तिथंच होता, समितीच्या जेवणाची यादी करत. मी सगळं सांगितलं. मॅडमनी दोन्ही कागद हातात घेऊन वाचले. एक क्षण त्यांचा चेहरा खरोखर पडला. तेवढा एक क्षण त्या मला पुन्हा पहिल्या आठवड्यातल्या वाटल्या. मग त्यांनी कागद टेबलावर उपडे ठेवले.

“आज ह्यांचा पेपर काढू नकोस. शनिवारी बोलव. आपल्या सर्जन सरांना सांगून ऑपरेशनच फुकट करून देऊ.”

“मॅडम, चव्वेचाळीस आहे. एकच डोळा आहे.”

“वर्षभर होताच ना? तीन दिवसांत काय होतंय?”

माणूस शिकलेला असला की किती थंडपणे बोलू शकतो बघा. वर्षभर आपण बघितलं नाही, म्हणून आणखी तीन दिवस बघायचं नाही.

“सरांना फोन करते मी. औषध तरी आज सुरू करू.”

“सर ट्रस्टींच्या घरी आहेत. आणि तू कोण फोन करणारी? आज चव्वेचाळीसचा पेपर निघाला, मागं दोन शिक्क्याचे, आणि परवा समितीनं नेमकी तीच फाईल उचलली तर? कळतंय का तुला? सगळ्यांचं सर्टिफिकेट जाईल. तुझं पण.” मग आवाज खाली आणून, “राजवीर, ह्या दोन्हीचे झेरॉक्स काढून ठेव आपल्याला. मूळ त्यांचे त्यांना दे.”

राजवीर कागद आणि पिशवी घेऊन गेला. मी उभीच.

“मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जाते,” मी म्हणाले.

“जा. मग शुक्रवारी येऊ नकोस. सोमवारी पण येऊ नकोस.” त्या समोरचे कागद आवरायला लागल्या. “स्कॉलरशिपवर शिकलीस ना गं तू? तुमच्याकडच्यांचं हेच बघते मी. मिळतं, पण टिकवता येत नाही.”

‘तुमच्याकडच्यांचं’ म्हणजे उचगावच्यांचं नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. माझं आडनाव कांबळे आहे. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात दारासमोर लावलाय, लपवून नाही. पण उत्तर मला रात्री सुचलं, आणि रात्री सुचलेल्या उत्तराला कुत्रं विचारत नाही.

शुक्रवारी समिती आली, मटण जेवली, लॉगबुकं चाळली आणि पास करून गेली. हे मला नंतर कळलं. इथंच सांगून टाकते; शेवटापर्यंत राखून ठेवावं एवढी त्यांची लायकी नाही.

मॅडमच्या केबिनमधून मी खाली आले. राजवीरला वीस मिनिटं लागली. दोन कागदांच्या झेरॉक्सला वीस मिनिटं, आणि मला शंका आली नाही. मशिन बिघडलं असेल म्हटलं. त्यानं पिशवी झुंबरबाईंच्या हातात दिली, व्यवस्थित घडी घातलेली. वर मामांना नमस्कार केला. “काळजी करू नका मामा, रूपाली मॅडम हायत की.”

“देव भलं करंल, पावणं,” मामा म्हणाले.

रिक्षात झुंबरबाई मला विचारत होत्या, लगीन झालंय का, माहेर कुठलं. मामा मान वळवून वळवून रस्ता बघत होते. शेजारून केवढा ट्रक गेला, त्यांना आवाज आल्यावरच कळलं.

सरकारी दवाखान्यात डोळ्याच्या विभागाबाहेर बाकड्यांवर माणूस माणसाला चिकटून बसलेला. मी हातापाया पडून नंबर पुढं घेतला. डॉक्टर पूर्णिमा म्हणून बाई होत्या, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, केस बांधायलाही वेळ न मिळालेल्या. त्यांनी दाब मोजला. सेहेचाळीस. आत बघितलं, आणि आधी गोळ्या दिल्या, डोळ्यात दोन औषधं घातली. नर्सला सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी घालत राहा, ह्यांना इथंच दाराशी बसवा.

मग म्हणाल्या, “गेलंय ते गेलं, आजोबा. उरलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू. ॲडमिट व्हा.”

“किती ऱ्हायलंय?”

“थोडं. पण सांभाळलं तर चालता-फिरता येईल.”

मामांनी मान हलवली. म्हशीचा सौदा ऐकावा तशी. “आधी कुठं दाखवलं होतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि झुंबरबाईंनी पिशवी पुढं केली.

बाईंनी पहिला कागद उघडला, वाचला. दुसरा वाचला. चष्मा वर केला आणि मामांकडं अशा बघायला लागल्या की मला वाटलं आता मारतात.

“आजोबा, तुम्हाला मे महिन्यातच सांगितलंय की! ‘काचबिंदूचा संशय. रुग्णास मोठ्या दवाखान्यात तातडीने जाण्यास समजावून सांगितले.’ नोव्हेंबरात परत सांगितलंय. ‘रुग्णाने नकार दिला.’ एकच डोळा आहे ना तुम्हाला? मग आला का नाही? आता काय करू मी?”

मी तो कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. शिक्का नव्हता. जिथं शिक्का असायचा तिथं राजवीरच्या वळणदार अक्षरात ही वाक्यं. तारीख मे महिन्याची. आणि खाली माझी सही. खोटी नाही, खरी. माझ्या हातची, खाली मी मारते ती तिरकी रेघ मारलेली. कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा माझ्या सह्या करून कपाटात पडला होता. शिक्का न मारलेलेही त्यात होतेच. त्यांना माझी सही चोरायची गरजच पडली नव्हती. मीच गठ्ठ्यानं देऊन ठेवली होती.

तोवर झुंबरबाई नवऱ्याकडं वळल्या होत्या.

“तुमास्नी सांगितलंवतं? आनि घरात येऊन तुमी सगळं झ्याक हाय म्हनला?”

“मला कुनी सांगितल्यालं न्हाय.”

“मग कागुद खोटं बोलतोय व्हय?”

“मग मी खोटं बोलतोय व्हय?”

“म्हशी इकाव्या लागतील म्हून गप ऱ्हायला तुमी! मला ठाव हाय तुमचा सोभाव! आता कुनी बगायचं तुमाला? मी धरून फिरवू व्हय परसाकडं? मी मेले तर कोन फिरवंल?” बोलता बोलता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता त्यांनी मामांच्या दंडावर एक ठोसा घातला. मामांना तो येताना दिसला नाही. दचकले.

बाकड्यावरचा एक पांढऱ्या टोपीवाला लगेच पुढं सरला. “म्हातारी मानसं ऐकतच न्हाईत वो डॉक्टर. आमच्यात बी आसंच हाय. मग आंगाशी आलं की डॉक्टरच्या नावानं बोंब.” आणखी दोघांनी माना डोलावल्या. सगळे मामांकडं बघत होते. काय मजा असते दुसऱ्याच्या चुकीत!

आणि मामा? मला सगळ्यात घाण वाटलं ते इथं. आधी ते तावातावानं न्हाय न्हाय म्हणत होते. मग हळूहळू आवाज खाली आला. डोळा मिटला, कपाळ चोळलं.

“सांगितलं असंल बी,” ते म्हणाले. “ध्येनात ऱ्हायलं नसंल माज्या. इसरलो असंन.”

चौकटीला धडकलेला माणूस. कागद मास्तरांकडून वाचून घेतलेला माणूस. त्याचा डोळा आम्ही खाल्ला तो खाल्लाच, आता त्याची आठवणही खोटी ठरवली होती, आणि तो ते कबूल करत होता. अपराध्यासारखा.

डॉक्टर पूर्णिमा तेवढ्यात कागद परत हातात घेऊन बघत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे काय? ‘दाब : उजवा अठरा, डावा बत्तीस.’ उजवा अठरा? उजवा तर काचेचा आहे.”

घाईत राजवीरनं दोन्ही रकाने भरले होते. सवय. दोन डोळे, दोन आकडे.

बाईंनी सही बघितली, मग माझ्याकडं. “रूपाली कांबळे. तुम्हीच ना?”

“हो.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग आवाज एकदम सौम्य झाला. “शिबिरात घाईत होतं असं. चुकून लिहिलं गेलं असेल.”

वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. मला सावरायला म्हणाल्या, पोरगी शिकतेय, तिचं वर्ष वाया जायला नको म्हणून. मी नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर मामा विसराळू, झुंबरबाई दुर्दैवी, मी घाईतली, राजवीर हुशार, मॅडम प्रमुख, आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. अकरा महिने झाले होते. एकच राहिला होता.

मी खाली मामांच्या पुढ्यात बसले, उकिडवी. म्हणजे त्यांच्या नळीत माझं तोंड येईल.

“मामा, तुम्ही काही विसरला नाही. तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ना मे महिन्यात, ना दिवाळीनंतर. हा कागद आज सकाळी लिहिलाय, आमच्या दवाखान्यात. तुमचा खरा कागद काढून घेतला आणि हा घातला. सही माझी आहे. आम्ही कोऱ्या कागदावर आधीच सह्या करून ठेवतो.”

“म्हंजी?”

“तुमच्या खऱ्या कागदावर शिक्का होता, सगळं चांगलं आहे म्हणून. तो शिक्का तुम्ही यायच्या आधीच मारलेला होता.”

ते माझ्याकडं बघत होते. एका डोळ्यानं, दुसरा आपला देखणा, चकाकत.

“म्हंजी तू मला बगितलंच न्हाईस.”

“चष्म्याचा नंबर बघितला. डोळा नाही.”

“आनि काचंचा बगून हासलीस की.”

“हसले.”

झुंबरबाईंचं रडणं थांबलं होतं. टोपीवाला बाकड्यावर मागं सरला होता.

“लिवून दे,” मामा म्हणाले.

“काय?”

“आत्ता बोललीस त्ये. कागदावर लिवून दे. तुमचं कागदच खरं मानत्यात न्हवं समदी? मग कागुदच दे.”

डॉक्टर पूर्णिमा इंग्रजीत हळूच म्हणाल्या, विचार कर, तुझं करिअर आहे. मग त्यांनीच टेबलावरचा एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मी लिहिलं. मे महिन्याची तारीख, शिबिराचं गाव, केरबामामांचं पूर्ण नाव. ‘मी यांचा डोळ्याचा दाब तपासला नाही. पडदा तपासला नाही. तपासला असा शिक्का आणि माझी सही कागदावर आधीच होती. त्यांना कोणताही धोका सांगितला नाही. त्यांनी कधीही नकार दिलेला नाही. आज त्यांच्याजवळ असलेला कागद खोटा आहे.’ शिक्का, राजवीर, मॅडम, दवाखान्याचं नाव, सगळं. पेन दोनदा अडलं. खाली सही केली. त्या वर्षातली ती एकच सही मी आधी वाचून मग केली.

“वाच,” मामा म्हणाले.

मी वाचलं.

“मोठ्यानं. हिला ऐकू गेलं पायजेल.”

मी परत वाचलं. माझा आवाज फाटला तिथं थांबले, त्यांनी हातानं खूण केली, चालू दे. झुंबरबाई पदर तोंडात धरून ऐकत होत्या. ‘त्यांनी कधीही नकार दिलेला नाही,’ या वाक्याला त्यांनी नवऱ्याच्या दंडावर, मघाशी ठोसा घातला होता तिथं, हात ठेवला आणि चोळायला लागल्या.

“त्या टोपीवाल्या पावण्यालाबी ऐकू दे.”

तिसऱ्यांदा मी उभी राहून वाचलं. वाचून झाल्यावर मामांनी हात पुढं केला, कागद चाचपून घेतला, चार घड्या घातल्या आणि बायकोला न देता स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

पंधरा मिनिटं होऊन गेली होती. औषधाची बाटली शेजारीच टेबलावर होती, नर्स दुसऱ्या पेशंटकडं अडकलेली. मी बाटली उचलली आणि झाकण काढलं.

“तू नगंस,” मामा म्हणाले. “तिला मोकळी हू दे.”

मी बाटली खाली ठेवली. मामा मान मागं टाकून, डोळा उघडा ठेवून, नर्सची वाट बघत बसले.